कातरलेलं शीट

"हे शीट लहान का आहे?" मी विचारलं.

टेबलापलीकडे दीक्षा पाष्टे उभी होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, मार्चमधली दुपार. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात दहा वनस्पती स्वतः गोळा करायच्या, दाबून वाळवायच्या, जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायच्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं: नाव काय, कुठे मिळाली, कधी, कुणी गोळा केली आणि नाव कुणी निश्चित केलं. दीक्षाची नऊ शीटं एका मापाची होती. सातवं आखूड होतं. गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला तरी ते आत बुडत होतं.

"दुकानदाराने तसंच दिलं, मॅडम."

"एकच?"

"शेवटचं होतं ना. उरलंसुरलं."

मी खणातून पट्टी काढली. लांबीत सव्वा इंच कमी, रुंदीत सूतभर कमी सव्वा इंच.

माझ्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, पेडणेकर सर, बसले होते. गुण देऊन झाले की परीक्षकाने प्रत्येक शीटाचा वरचा कोपरा कातरायचा, म्हणजे तेच शीट पुढच्या वर्षी दुसरं कुणी लावणार नाही, असा आमच्याकडचा रिवाज होता. त्यांच्या हातात कात्री तयारच होती.

"ओक मॅडम, कागद मोजायचे मार्क नसतात. उरका. मला सव्वाचारची एस.टी. गाठायचीय."

"एक मिनिट, सर." मी दीक्षाकडे वळले. "हे गेंद तुला कुठे मिळालं?"

"कॉलेजच्या परिसरात, मॅडम." लेबलवरही तेच लिहिलं होतं.

"परिसरात कुठे?"

"पार्किंगच्या मागे."

पार्किंगच्या मागे सिमेंटची भिंत होती आणि भिंतीमागे प्राचार्यांचा बंगला. दारात उभे असलेले कासलेकाका, आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, एकदम खोकले आणि रिकामी बादली उचलून बाहेर गेले.

मी भिंग काढलं ते तिला पकडायला. शीट जुनं असेल तर डिंक तपकिरी पडतो, तेवढंच बघायचं होतं. भिंग डिंकावरून सरकत फुलाच्या डोक्यावर आलं आणि तिथे थांबलं.

गेंद ही आमच्याकडची वीतभर उंचीची वनस्पती. पावसाळा सरत आला की खाचरांच्या कडेला आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, उगवते. खाली पानांचा झुबका, वर दोऱ्यासारखे दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पांढरं डोकं. तिच्या पुष्कळ जाती आहेत आणि नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. दीक्षाच्या लेबलवर 'इरिओकॉलॉन सेक्सँग्युलेअर' लिहिलं होतं. ती जात खाचरात कुठेही मिळते. पण तिच्या डोक्याखालची चिमुकली पानं डोक्याला चिकटून असतात. इथे ती मागे उलटून दांड्याला टेकली होती. लांबट होती, आणि त्यांच्या कडांना काचेच्या तंतूंसारखे केस होते. पीएच.डी.ची साडेचार वर्षं मी गेंदच बघत होते. असं डोकं मी पाहिलं नव्हतं.

पेडणेकर सरांनी शीट पुढे ओढलं.

"हे कापू नका," मी म्हटलं.

"का हो? सेक्सँग्युलेअर आहे. सप्टेंबरात पोतंभर मिळेल."

"तरी नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मग तुम्हीच ठेवा. दहापैकी आठ देतोय. पाष्टे, जा गं. पुढच्याला पाठव."

दीक्षा गेली नाही. "मॅडम, काही चुकलं का?" तिने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "जा तू."

*

या कॉलेजात मी जुलै २००१मध्ये आले, अठ्ठावीस वर्षांची असताना. एक वर्ष, फार तर दोन, असं मनाशी ठरवून. पुण्याहून आणलेली स्लाइड्सची पेटी मी सुरुवातीला उघडलीच नव्हती, पुन्हा बांधायला लागू नये म्हणून. आठवड्याला बावीस तास शिकवणं, प्रात्यक्षिकं, परीक्षा विभाग, एन.एस.एस.चं शिबिर, प्रवेशाच्या रांगा. विभागात माझ्याबरोबर बेडेकर बाई होत्या. त्या निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही आणि विभाग म्हणजे मी आणि कासलेकाका एवढाच उरला. दुपारचा डबा मी प्रयोगशाळेतल्या खिडकीपाशी खायचे. स्टाफरूममध्ये मला कुणी काही म्हणत नव्हतं. पण मी कधीतरी निघून जाणार हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की भिशीत, सहलीत, कुणाच्या घरच्या गणपतीत माझं नाव घालायचं राहूनच जायचं. रविवारीसुद्धा मी कॉलेजात जायचे. तिथे निदान काकांच्या खोलीतला रेडिओ ऐकू यायचा.

अकरा वर्षांत सात ठिकाणी अर्ज केले होते. आठवा अर्ज पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होता. वयाची अट चाळीस. मी एकोणचाळीस पूर्ण केली होती. मुलाखत अठ्ठावीस मार्चला, म्हणजे पंधरा दिवसांवर.

त्या संध्याकाळी मी परचुरे सरांना फोन केला. ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक.

"उलटी पानं? आणि कडेला केस?" सर म्हणाले. "वैजयंती, तुला खात्री आहे?"

"सर, मी तीन वेळा बघितलं. सूक्ष्मदर्शकाखालीही बघितलं."

"मग हे बघ. तुझे दोन पेपर आहेत. तुझ्याबरोबर मुलाखतीला बसणाऱ्या मुलांचे वीस-वीस असतील. पण नवी जात घेऊन जो येतो त्याचे पेपर कुणी मोजत नाही. कुठे मिळाली?"

"ते शोधायचंय."

"म्हणजे?"

"एका विद्यार्थिनीने आणलीय. ती खोटं बोलतेय."

सर हसले. "तिला आभारात घे. पण जागा शोध. जागेशिवाय नुसतं वाळलेलं रोप म्हणजे काहीच नाही. जागा मिळाली तर मी स्वतः येतो."

सर अकरा वर्षांत एकदाही इकडे आले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी दीक्षाला बोलावलं. ती आली ती रडतच.

"मॅडम, मी नऊ केली ना. नऊ खरंच माझी आहेत. आईबरोबर काजूवर कामाला जाते मी सुट्टीत. दहावं राहिलं. मला नापास करणार?"

"नाही करणार. हे कुणी दिलं तेवढं सांग."

तिने ओढणीने नाक पुसलं आणि दाराकडे बघितलं. दारात कासलेकाका होते. या वेळी ते खोकले नाहीत.

"तिला जाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "मी दिलं."

दीक्षा गेली. काका स्टुलावर बसले. माझ्यासमोर ते बसल्याचं मी फारसं पाहिलं नव्हतं.

"पोरं काय वाईट नाहीत," ते म्हणाले. "पाचची एस.टी. चुकली की सात किलोमीटर पायी. झाडंझुडं गोळा कधी करणार? वरच्या कपाटात जुनी पडलेली असतात. वाळवी खाणार, त्यापेक्षा एखाद्याचं अडलेलं दहावं भागतं."

"आणि कोपरा? तो तर कातरलेला असतो."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला. "चारी बाजू सारख्या करतो. लोखंडी पट्टी लावून, ब्लेडने. एवढीएवढीशी पट्टी काढायची. कुणाच्या बापाला कळत नाही." मग आठवल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला कळलं."

मी मनात भागाकार केला. एकदा कापलं की पाव इंचाच्या वर. सव्वा इंच म्हणजे चार वेळा.

"काका, हे शीट पाच जणांनी लावलंय."

"असेल. चांगलं होतं ना. नीट दाबलेलं. बाकीची तुटतात."

"आणि लेबल?"

"जुन्यावर नवं चिकटवायचं. काढायला गेलं तर कागद फाटतो."

आम्ही किटलीत पाणी उकळलं. काकांनी शीट तिरकं धरलं, मी लेबलखाली वाफ जाऊ दिली आणि चिमट्याने कड उचलली. वनस्पतीवर वाफ जाऊ नये म्हणून काका श्वास रोखून उभे होते. दीक्षाचं लेबल वीस मिनिटांनी निघालं.

त्याखाली २००९चं होतं. मुलीचं नाव मला आठवत होतं. स्थळ: घराजवळ. कोपऱ्यात लाल शाईत माझी सही.

त्याखाली २००७. स्थळ: रस्त्याच्या कडेला. गोळा केल्याची तारीख अकरा मे. मे महिन्यात सड्यावर गवताची काडी नसते, गेंद कुठून येणार? तिथेही माझी सही, शेजारी बरोबरची खूण.

त्याखाली २००४. पुन्हा कॉलेज परिसर. पुन्हा मी.

 पाणी आटलं म्हणून काका नळावर गेले आणि नको तितका वेळ लावून परत आले.

शेवटचं लेबल खळीने चिकटवलेलं होतं, डिंकाने नाही. ते काढायची गरज नव्हती; खाली कागदच होता. निळ्या शाईत, मोठ्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं: "कातळवाडीचा सडा. कोंडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी ऑक्टोबरपर्यंत साचून राहतं तिथे. इतर कुठे दिसलं नाही. २३ सप्टेंबर २००१. अनंत घवाळी."

कोंड म्हणजे सड्यावरचा पाणी साचणारा खोलगट खळगा. इतकं नीट स्थळ आमच्या कॉलेजातल्या एकाही शीटावर मी वाचलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की लेबलची वरची ओळ मी शेवटी वाचली. वनस्पतीचं नाव आणि 'निश्चिती' या दोन ओळी निळ्या शाईत नव्हत्या. हिरव्या होत्या. आणि अक्षर वेगळं होतं, बारीक, डावीकडे कललेलं.

"हे तुमचं ना, मॅडम?" काकांनी विचारलं.

ते माझंच होतं. इरिओकॉलॉन सेक्सँग्युलेअर. निश्चिती: डॉ. वै. ओक.

मी पुष्कळ आठवून बघितलं. काही आठवलं नाही. अनंत घवाळी हे नाव आठवलं, हजेरीतलं, चेहरा नाही.

"अन्या कुठे जाणार? कातळवाडीतच आहे," काका म्हणाले. "त्याची चिऱ्याची खाण आहे."

*

शनिवारी सकाळी मी एस.टी.ने कातळवाडी फाट्यावर उतरले आणि तांबड्या धुळीच्या रस्त्याने वर चढले. यंत्राचा आवाज फाट्यापासूनच येत होता. पिशवीत भिंग होतं, मोजपट्टी, कॅमेरा, वही. मार्चमध्ये रोप दिसणार नव्हतं, पण जागा दिसणार होती. जागेचे फोटो, उंची, दगडाचा उतार, पाणी साचण्याची खूण. रस्ताभर मी मुलाखतीतलं पहिलं वाक्य घोळवत होते.

वर गेल्यावर एक तिशी ओलांडलेला माणूस यंत्र बंद करून माझ्याकडे आला. केसांपासून चपलेपर्यंत तांबडा. डोळ्यांभोवती तेवढी कातडी दिसत होती.

"ओक मॅडम!" तो म्हणाला. "मी पस्तीस मार्कांवर सुटलो होतो तुमच्या पेपरात. फेरतपासणीला आलात?"

"अनंत?"

"घवाळी. शेवटचा बाक. बसा, बसा. खुर्ची नाही, चिरे आहेत." त्याने रचलेल्या चिऱ्यांवर पोतं अंथरलं, एका कामगाराला पाणी आणायला सांगितलं. "लग्नाला तुम्हाला बोलावलेलं. आला नाहीत."

पत्रिका आली होती. मी त्या आठवड्यात कुठल्यातरी मुलाखतीला गेले होते.

मी पिशवीतून शीट काढलं. त्याने हात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि तरीही धरलं नाही. नुसताच वाकला.

"आयला," तो म्हणाला. "सॉरी, मॅडम. पण हे अजून आहे? केवढंसं झालंय."

"अनंत, ही जागा मला दाखव."

तो सरळ उभा राहिला. मला वाटलं तो चालायला लागेल. त्याने नुसता हात पुढे केला.

"ही काय. तुमच्यासमोर."

समोर खाण होती. पंचवीस-तीस फूट खोल, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. तळाशी हिरवट पाणी आणि एक ट्रॅक्टर.

"कोंड कुठे आहे?"

"कोंड होती त्या ट्रॅक्टरच्या जागी. म्हणजे त्याच्या वर. हवेत." त्याने बोटाने हवेतली जागा दाखवली. "तिथे मी बसायचो अभ्यासाला. घरी दिवा नव्हता तेव्हा, म्हणून उजेड असेपर्यंत सड्यावर."

"कधी तोडलंत?"

"खाण आठ साली सुरू केली. तो भाग दहाच्या जानेवारीत गेला."

मी मोजायला लागले. एक सालचा सप्टेंबर, दोन सालचा, तीनचा. नऊ सालचासुद्धा. नऊ सप्टेंबर ते तिथे उगवत होतं. कॉलेजपासून चौदा किलोमीटरवर.

पाणी आलं. मी प्यायले. तो शेजारच्या चिऱ्यावर बसला.

"एवढं काय आहे त्यात?" त्याने विचारलं.

"ही बहुतेक नवी जात आहे. जगात कुणीच नोंदवलेली नाही."

तो पुन्हा शीटावर वाकला. मग हसला, पण हसू पुरतं आलं नाही. "मग मी बरोबर होतो म्हणायचं."

"कशात?"

"जाऊ दे, मॅडम. जुनं झालं."

"अनंत, सांग."

त्याने पायाखालचा दगडाचा भुगा चपलेने सारखा केला. "मी आणलेलं की तुमच्याकडे. ताजं. ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यातून. पहिल्या दिवशी तुम्हाला तास होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही परीक्षा विभागात. तिसऱ्या दिवशी सापडलात. मी म्हटलं, मॅडम, हे खाचरातल्यासारखं नाही, याची खालची पानं मागे वळलीत. आमच्या खाचरातलंपण एक आणलं होतं, शेजारी ठेवून दाखवायला."

"मग?"

"तुम्ही फॉर्म भरत होतात कसलातरी. पंखा होता म्हणून डाव्या हाताने कागद दाबून धरलेला. पाकिटावर पुणे लिहिलेलं. मी म्हटलं, हे काय आहे, मॅडम? तुम्ही म्हणालात, सेक्सँग्युलेअर लिही, पुस्तकात तेच आहे. मी म्हटलं, एकदा बघा तरी. तर तुम्ही माझं लेबल ओढून घेतलंत आणि स्वतःच लिहून दिलंत. हिरव्या पेनाने. वर काही बघितलं नाहीत."

तो हे रागाने सांगत नव्हता. एखाद्या जुन्या क्रिकेट सामन्याबद्दल सांगावं तसं सांगत होता.

"मला वाटलं, असेल बाबा," तो म्हणाला. "तुम्ही पीएच.डी. केलेल्या. आणि आल्याला तुम्हाला दोनच महिने झालेले, तर म्हटलं, कामात असतील."

ते पुण्याचं पाकीट मला आठवलं. तो माझा पहिला अर्ज होता. त्याचं उत्तरही आलं नव्हतं.

"काही उरलंय का कुठे?" मी विचारलं.

तो मला खाणीच्या उत्तरेच्या कडेने घेऊन गेला. शेजारच्या जमिनीच्या हद्दीला लागून सड्याची एक पट्टी न तोडलेली होती, सहा पावलं रुंद, चाळीसेक पावलं लांब. दोन खाणींच्या मध्ये भिंतीसारखी उभी. वर काळपट दगड, भेगांमध्ये करपलेलं गवत. मी गुडघ्यांवर बसून भेगा बघितल्या. मार्चमध्ये काय दिसणार.

"कोंडीचं पाणी इथपर्यंत यायचं का?"

"खोटं कशाला सांगू? कधीकधी." त्याने मान खाजवली. "ही पट्टी मेमध्ये तोडायचं ठरलंय. अर्धी शेजाऱ्याची, अर्धी माझी."

 ती तोडू नका म्हणायचा मला हक्क वाटला नाही. तो मला फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडायला आला. एस.टी. येईपर्यंत थांबला आणि मी पायरीवर पाय ठेवताना म्हणाला, "सप्टेंबरमध्ये या, मॅडम. बघू."

*

मुलाखतीला मी शीट नेलं होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, सुटी काढलेली चारही लेबलं वेगळ्या पाकिटात घालून. परचुरे सरांनी सांगितलं होतं, जागा गेली तरी हरकत नाही, जुनं स्थळ नेमकं लिहिलंय, तेवढ्यावर बोल. फोल्डर माझ्या मांडीवर होतं.

समोर पाच जण होते. मधले गृहस्थ सौम्य होते. त्यांनी माझा अर्ज दोनदा चाळला.

"डॉ. ओक, तुम्ही सड्यांच्या अगदी मधोमध राहता. आम्हाला तिथे यायला परवानगी, गाडी, निधी, सगळं लागतं. तुम्ही अकरा वर्षं तिथेच आहात. या अकरा वर्षांत तुम्हाला नवीन काय सापडलं?"

फोल्डर उघडायला एक बटण होतं. अंगठा त्यावरच होता. उघडलं असतं तर लेबलची पहिली ओळ त्यांनी वाचली असती आणि दुसरी, 'निश्चिती'ची, मी लपवू शकले नसते. किंवा लपवली असती. बसमध्ये मी दोन्ही विचार केले होते. लेबलचा तेवढा भाग कातरणं काही अवघड नव्हतं. कसं कातरायचं ते आमच्याकडे माहीत होतं.

"मला काही सापडलं नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी घाबरलेय. पाण्याचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कॉलेजात कुणी विचारलं नाही. मी मुलाखतीला गेलेय हे कुणाला माहीत नव्हतं. कासलेकाकांनी फक्त माझ्या हातातलं फोल्डर बघितलं आणि कपाटाची किल्ली पुढे केली. मी शीट कपाटात ठेवलं नाही. पाचही लेबलं जोडून, कोण कधी काय म्हणालं ते सगळं लिहून, ते पुण्याच्या वनस्पतिसंग्रहालयाला पाठवून दिलं. गोळा करणारा: अनंत घवाळी. चुकीची निश्चिती: मी. महिन्याभराने उत्तर आलं. नमुना वेगळा वाटतो. परंतु दीर्घकाळ हाताळल्याने फुलं झडलेली असून ताज्या नमुन्याशिवाय वर्णन करता येणार नाही. मिळाल्यास कळवावे.

मेमध्ये हद्दीची पट्टी तुटली नाही. अनंतने शेजाऱ्याला काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिकडचा चिरा कच्चा आहे," आणि विषय बदलला. चिरा कच्चा नव्हता; कड मी हाताने बघितली होती.

त्या सप्टेंबरला मी गेले. पट्टी हिरवी झाली होती. चाळीस पावलं मी गुडघ्यांवर, दोरी आखून, फूट फूट बघितली. खाचरातलं गेंद होतं, आणखी दोन जाती होत्या. ते नव्हतं. अनंत कडेला छत्री धरून उभा होता.

"दिसलं?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी."

त्याला आता तेरा वर्षं होतील. अर्ज मी पुन्हा केला नाही. वय उलटून गेलं होतं. विद्यार्थ्यांनी दहाऐवजी तीन शीटं आणली तरी चालतात, पण जागा दाखवायला मला बरोबर न्यावं लागतं, असा नियम मी केला. पुष्कळ जण त्याला कंटाळतात. काका निवृत्त झाले. त्यांची लोखंडी पट्टी माझ्या खणात आहे. सात वर्षांनी मी निवृत्त होईन.

दर सप्टेंबरात मी कातळवाडीला जाते, एकटीच. ते रोप दिसलेलं नाही. पण अनंत रिकाम्या हाताने भेटत नाही. खाण आता सड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलीय; तिथे कापायच्या आधी तो सकाळी एक फेरी मारतो आणि जे वेगळं वाटेल ते घेऊन येतो. गेल्या वर्षी भुरभुर पाऊस होता. तो चढ चढून धापा टाकत आला आणि शर्टाच्या आतून डबा काढला. आत ओलं फडकं होतं.

"हे काय आहे, मॅडम?"

लांबूनच मला कळलं होतं, ते साधं खाचरातलं गेंद होतं. मी चष्मा कपाळावर सरकवला, पिशवीतून भिंग काढलं आणि दगडावर बसले.

"थांब," मी म्हटलं. "बघू दे."